इसियार बोयाईन, तीन रविवार: चित्रपट मंडळाच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

मंडळाच्या बैठकीत मार्चचा कार्यक्रम ठरला. तीन रविवार आणि एकाच बाईचं काम. इसियार बोयाईन, जन्म १९६७, माद्रिद. पंधराव्या वर्षी व्हिक्तोर एरिसेच्या 'एल सूर' ('दक्षिण') या चित्रपटामध्ये पडद्यावर आली, पुढे नटी म्हणून काम करत राहिली, मग लिहू लागली आणि जे लिहिलं ते स्वतःच दिग्दर्शित करू लागली. स्पेनमध्ये तिला दिग्दर्शक म्हणून ओळखतात. माझ्या मते मात्र ती आधी नटी आणि मग लेखिका आहे. दिग्दर्शन हे या दोन्हींतून आलेलं आहे. कार्यक्रमातून हे दिसलं पाहिजे, एवढं मी बैठकीत सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या गावातल्या मंडळांकडून नेहमी विचारणा होते की परदेशी चित्रपट मराठी सबटायटलसह दाखवायचा तर नेमकं काय काय करावं लागतं. म्हणून या नोंदी.

१९ जानेवारी

पहिली यादी अशी केली होती: सुरुवातीला 'ते दोय मिस ओहोस', मग 'फ्लोरेस दे ओत्रो मुंदो', शेवटी 'एल सूर'. सगळ्यात गाजलेला आधी, म्हणजे पहिल्याच रविवारी गर्दी होईल, असा विचार. आज कार्यकारिणीतल्या लोकांना इंग्रजी सबटायटलवर 'ते दोय मिस ओहोस' दाखवला. चित्रपट सगळ्यांना भिडला, पण नंतरची सगळी चर्चा घरातल्या मारहाणीवर झाली. लेखनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बोयाईन स्वतः नटी होती हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. राहणार कसं? या चित्रपटात ती पडद्यावर दिसतच नाही.

क्रम उलटा केला. आधी तिचा चेहरा, मग तिचं लेखन. पहिला रविवार 'एल सूर', दुसरा 'फ्लोरेस', तिसरा 'ते दोय'. गर्दीचं बघून घेऊ.

हक्कधारकांना पत्रं गेली. हे काम सर्वांत आधी करा. एकाकडून आठवड्यात उत्तर आलं, दुसऱ्याकडून नुसती पोच. खेळ फक्त सभासदांसाठी आहे, तिकीट नाही आणि सबटायटल आम्ही स्वखर्चाने करतोय, या तीन गोष्टी पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहिल्या तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

२७ जानेवारी

परिचयपत्रकाचं काम. वाटलं होतं संध्याकाळभरात होईल, पण बरंच लांबलं. कारण असं की तिच्या चित्रपटांच्या याद्यांमध्ये अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन एकाच ओळीत मिसळलेलं असतं. 'ताम्बियेन ला यूविया' (२०१०) तिचा म्हणून सगळीकडे येतो. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा शहरात २००० साली पाण्यासाठी झालेल्या संघर्षावरचा हा चित्रपट तिने दिग्दर्शित केला, पण पटकथा पॉल लॅव्हर्टीची आहे. 'एल ओलिवो' आणि 'यूली' यांच्या पटकथाही त्याच्याच. आपला विषय 'लिहिणारी नटी' असेल तर हे वेगळं काढावंच लागतं.

शेवटी पत्रकावर तीन रकाने आखले. रकाने भरत गेले तशी एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. ती बहुतेक वेळा कुणाला तरी सोबत घेऊन लिहिते. 'ओला, एस्तास सोला?' (१९९५) हुलिओ मेदेमबरोबर, 'फ्लोरेस' (१९९९) कादंबरीकार हुलिओ यामासारेसबरोबर, 'ते दोय' (२००३) आणि 'ला बोदा दे रोसा' (२०२०) अलिसिया लूनाबरोबर, 'माइशाबेल' (२०२१) आणि 'सोय नेवेन्का' (२०२४) इसा काम्पोबरोबर. विषयानुसार जोडीदार बदलतो. ओस पडत चाललेल्या गावांवर लिहायचं होतं तेव्हा तिने तोच विषय आयुष्यभर लिहीत आलेला माणूस गाठला. हे फार शहाणपणाचं वाटतं मला. एकट्याने बसून लिहिणं म्हणजेच लेखन, असा आपल्याकडे उगाच समज आहे.

अभिनयाच्या रकान्यात 'लेओ' (२०००) ठळक केला. होसे लुइस बोराऊच्या या चित्रपटासाठी तिला मुख्य अभिनेत्रीचं गोया, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकाचं, नामांकन होतं. म्हणजे 'फ्लोरेस'ला कान महोत्सवात समीक्षक सप्ताहाचं पारितोषिक मिळाल्यानंतरही ती कॅमेऱ्यासमोर उभी राहत होती. अभिनय सोडून लेखनाकडे वळली, असं कुठे लिहिलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका.

५ फेब्रुवारी

सबटायटलला सुरुवात. माझी भाची पुण्यात स्पॅनिश शिकली आहे, तिने मूळ संवाद ऐकून कच्चा मराठी मसुदा करायचा आणि मी त्यावर हात फिरवायचा, अशी वाटणी. इंग्रजी सबटायटलवरून मराठी करायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. तसं केलं की वाक्य दोनदा गाळून येतं.

मसुद्याच्या आधी टायमिंगने दगा दिला. 'फ्लोरेस'ची मिळालेली स्पॅनिश एसआरटी फाइल (सबटायटलच्या ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली) पहिली काही मिनिटं व्यवस्थित चालली, मग हळूहळू पुढे पळायला लागली. पात्राने तोंड उघडण्याआधीच वाक्य पडद्यावर. एका सभासदाने प्रसंगागणिक वेळ मागे ओढायला घेतली आणि त्यात अख्खा आठवडा गेला. दुरुस्त केलेला भाग संपला की पुन्हा तेच.

कारण साधं होतं. फाइल युरोपीय डीव्हीडीवरून घेतलेली, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने. आमची प्रत २३.९७६ फ्रेमची. तासाभरात अडीच मिनिटांच्या वर फरक पडतो. सबटायटल एडिट या प्रोग्राममध्ये फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा, बदलण्याची सोय आहे. २५ वरून २३.९७६ केलं की सगळी फाइल एका फटक्यात जागेवर येते. अंतर सगळीकडे सारखंच असेल तर वेळ सरकवा, अंतर वाढत जात असेल तर फ्रेमरेट बघा. हे आधी तपासा, मगच भाषांतराला हात घाला.

११ फेब्रुवारी

'एल सूर'च्या आधी 'लँड अँड फ्रीडम'मधला एक तुकडा दाखवायचा आहे. केन लोचचा १९९५ चा चित्रपट, स्पेनच्या यादवी युद्धावरचा. त्यात बोयाईन माइते नावाच्या मिलिशियातल्या (नागरिकांच्या सशस्त्र दलातल्या) तरुणीच्या भूमिकेत आहे. हा तुकडा आमच्यासाठी महत्त्वाचा, कारण तिचं लेखन कुठे घडलं त्याचा एक धागा इथे सापडतो. लोच कथाक्रमानेच चित्रीकरण करतो आणि नटांना पटकथा थोडी थोडी देतो. पुढच्या पानावर काय आहे ते नटाला माहीत नसतं, म्हणून तो खरंच ऐकतो. बोयाईनने हे आतून पाहिलं आणि १९९६ मध्ये लोचच्या कामावर पुस्तकही लिहिलं. लॅव्हर्टी तिला भेटला तोही याच चित्रपटाच्या वेळी.

इथे अडचण वेगळीच निघाली. या चित्रपटात लोक इंग्रजी, स्पॅनिश आणि कातालान बोलतात. मिळालेल्या फाइलमध्ये फक्त स्पॅनिश आणि कातालान संवादांच्या ओळी होत्या. इंग्रजी प्रेक्षकासाठी केलेली फाइल, इंग्रजीचं सबटायटल तो कशाला करेल? गावातल्या जमिनी सामुदायिक करायच्या की नाहीत यावर सगळे भांडतात तो प्रसंग आम्ही निवडला होता, आणि त्यात निम्म्या जागी पडदा कोरा. बसून इंग्रजी संवाद कानाने उतरवले. बहुभाषिक चित्रपट निवडलात तर फाइल पूर्ण आहे का ते आधी पाहा.

२० फेब्रुवारी

'ते दोय मिस ओहोस'चा मसुदा आला. नावाचा अर्थ 'मी तुला माझे डोळे देते'. नवरा-बायकोच्या एका जवळिकीच्या प्रसंगात ती स्वतःचा एकेक अवयव त्याला देऊ करते, तिथून आलेलं नाव.

आज दिवसभर सुरुवातीच्या काही मिनिटांवरच काम केलं. रात्री पिलार घाईघाईने कपडे भरते, मुलाला उठवते आणि घरातून निघते. बहिणीकडे पोहोचल्यावर तिची नजर पायांकडे जाते. ती घरातल्या सपाता घालूनच आली आहे. एवढंच ती बोलते, सपाता घालून आले. आणि रडते. नवऱ्याने काय केलं, किती वर्षं केलं, यातलं अवाक्षर नाही. ते कळतं नंतर, बहीण तिचं सामान आणायला फ्लॅटवर जाते आणि तिला दवाखान्याचे कागद सापडतात तेव्हा. कागदांवरही मार असं कुठे लिहिलेलं नाही, फक्त दुखापती.

भाचीचा मसुदा होता, 'अगं बाई, मी तर घाईत चपला बदलायच्याच विसरले.' मराठी म्हणून चांगलं, बोलीतलं वाक्य. पण पडद्यावर लावून पाहिलं तर लाया मारूल, म्हणजे पिलार, त्याखाली दबून गेली. तिचा चेहरा जे करतोय ते वाक्य आधीच सांगून टाकत होतं. 'सपाता घालूनच आले' एवढं ठेवलं आणि प्रसंग उभा राहिला.

या एका ओळीने पुढच्या सगळ्या कामाचा नियम दिला. बोयाईनचे संवाद नटीने लिहिलेले आहेत. नटाला काय करायला लागेल याचा अंदाज घेऊन ती वाक्य अर्ध्यावर सोडते, उरलेलं त्याने पुरं करायचं असतं. भाषांतर करताना ती मोकळी जागा भरायचा मोह होतो, कारण मराठीत भरल्याशिवाय वाक्य गोल वाटत नाही. ते गोल होऊ द्यायचं नाही. 'फ्लोरेस' आणि 'ते दोय' या दोन्ही चित्रपटांचे मसुदे पुन्हा काढले आणि जिथे जिथे आम्ही समजावून सांगितलं होतं तिथून शब्द काढून टाकले.

२४ फेब्रुवारी

वाचनाच्या वेगाची तांत्रिक बाब, थोडक्यात. सॉफ्टवेअर सेकंदाला अमुक अक्षरं असा हिशेब धरून जास्त लांब ओळ लाल करतं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं ते स्वतंत्र अक्षर मोजतं. 'क्षी' म्हणजे त्याच्या लेखी चार. त्यामुळे वाचायला सोप्या ओळीही लाल दिसतात. लाल रंगाकडे दुर्लक्ष करा. ओळ मोठ्याने वाचा, पात्राचं बोलणं संपायच्या आत वाचून झाली तर ठीक. आमचे ज्येष्ठ सभासद पडद्यापासून लांब बसतात, त्यांना दाखवून नक्की केलं.

१ मार्च

वाचनालयाच्या सभागृहात तालीम. लॅपटॉपवर सुरेख दिसणारी सबटायटल तिथल्या मीडिया प्लेअरवर फुटली. पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसली, जोडाक्षरांचे तुकडे झाले. 'स्त्री' वाचताच येईना. प्लेअरमध्ये देवनागरी जोडून दाखवण्याची सोयच नव्हती, फॉन्ट बदलून उपयोग शून्य.

लॅपटॉप थेट एचडीएमआयने प्रोजेक्टरला जोडून व्हीएलसीवर चालवणं हा एक मार्ग. पण सभागृहातली केबल मध्येच सोडते, त्यावर भरवसा नाही. म्हणून सबटायटल चित्रातच छापून घेतली. एफएफएमपेग या प्रोग्रामने नोटो सान्स देवनागरी फॉन्ट, पांढरी अक्षरं, बारीक काळी कड. एका चित्रपटाला माझ्या जुन्या संगणकावर रात्रभर लागतं. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली हवी, नाहीतर सकाळी उठून बघावं तर सगळीकडे चौकोन. छापण्याआधी पाच मिनिटांचा तुकडा करून बघा. छापल्यावर चूक दुरुस्त करायची तर पुन्हा आख्खी रात्र.

८ मार्च, पहिला रविवार

'एल सूर'ची सुरुवात अशी आहे: पूर्ण काळोख. मग पहाट होते आणि खिडकीतून उजेड अगदी सावकाश खोलीत शिरतो, कुत्रा भुंकतो, कुणीतरी हाका मारतं. अंथरुणात एस्त्रेया आहे, पंधरा वर्षांची, म्हणजे आपली बोयाईन. उशीखाली तिला वडिलांचा, जमिनीतलं पाणी शोधायचा लंबक सापडतो आणि वडील आता परत येणार नाहीत हे तिला कळतं. संवाद जवळजवळ नाहीत.

दुपारच्या तपासणीत हे काहीच दिसलं नाही. सभागृहाच्या पडद्यांच्या फटींतून येणाऱ्या उजेडात पडदा नुसता करडा. ग्रंथपाल काका म्हणाले, "ताई, प्रोजेक्टर बिघडला वाटतं." प्रोजेक्टर ठीक होता. होसे लुइस अल्काइनेचं छायाचित्रणच अंधारावर उभं आहे, त्याला अंधार लागतो. मंडपवाल्याकडून काळं कापड भाड्याने आणलं, खिडक्यांवर आतून दुहेरी लावलं, दरवाजाच्या वरच्या झरोक्याला पुठ्ठा. खेळ साडेपाचऐवजी सातला केला, सूर्य पूर्ण मावळल्यावर. कापडाचे ९०० रुपये अंदाजपत्रकात नव्हते, पण याशिवाय हा चित्रपट दाखवण्यात काही अर्थ नाही.

सातला सुरू केला आणि पहाट दिसली. सभागृहात कुणी हललं नाही.

चर्चेत सगळ्यात जास्त बोलणं झालं ते हॉटेलातल्या जेवणाच्या प्रसंगावर. बाप-लेक समोरासमोर, शेजारच्या दालनात लग्न, आणि तिथून त्याच पासोदोब्लेचे (स्पॅनिश नाचाच्या धुनेचे) सूर येतात ज्यावर ते दोघं तिच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे लहानपणीच्या ख्रिस्ती धर्मविधीला, नाचले होते. तो तिला थोडं थांबायला सुचवतो, तिला तास आहे, ती जाते. ती निघताना दारातून वळून हात हलवते. बोयाईन इथे काहीही 'करत' नाही, नुसती ऐकते. पुढे लेखिका म्हणून तिने नटांसाठी ज्या जागा ठेवल्या, त्यांतली एक ती स्वतः पंधराव्या वर्षी अशी जगली होती. चित्रपटाचा दक्षिण स्पेनमध्ये घडणारा उत्तरार्ध निर्माता एलियास केरेहेताने चित्रित होऊ दिला नाही, हे सांगितल्यावर लोक हळहळले. तरीही जे आहे ते पूर्ण वाटतं, असं बहुतेकांचं मत पडलं.

१५ मार्च, दुसरा रविवार

'फ्लोरेस दे ओत्रो मुंदो'. खेळ सुरळीत. ओसाड होत चाललेल्या गावात लग्नाळू पुरुष जमले आहेत, बँड वाजतोय, आणि बायकांना घेऊन बस येते. स्पेनमध्ये असे मेळावे खरोखर झाले आहेत. पिरेनीज पर्वतातल्या प्लान गावच्या पुरुषांनी १९८५ मध्ये जाहिरात देऊन बायकांना गावी बोलावलं होतं, त्याची देशभर चर्चा झाली.

इथे मला पत्रकातलं काही वाचून दाखवावं लागलं नाही. मागच्या रांगेतून एका शेतकरी सभासदांनी सोलापूरच्या मोर्चाची आठवण काढली. डिसेंबर २०२२ मध्ये लग्न जमत नाही म्हणून तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेले होते, तो. पुढचा तासभर चर्चा थांबली नाही. पण मला महत्त्वाचा वाटला तो एका कॉलेजच्या मुलीचा प्रश्न. आपल्याकडच्या बातमीत नवरदेव दिसले, येणाऱ्या मुलीचं काय? बोयाईन आणि यामासारेसने पटकथा नेमकी तिकडे वळवली आहे. बस गावात येते तेव्हा आपण पुरुषांबरोबर उभे असतो. थोड्या वेळाने आपण डोमिनिकन पात्रिसियाबरोबर सासूच्या स्वयंपाकघरात असतो, आणि तिथून गाव बघतो.

अडचण एकच. पात्रिसिया आणि क्युबाची मिलादी यांची कॅरिबियन बोली गावकऱ्यांच्या बोलीहून वेगळी. मराठीत त्यांना एखादी प्रादेशिक बोली द्यावी का यावर आमचे वाद झाले होते. दिली नाही. वेगळेपण कानाला ऐकू येतंच आहे, अक्षरांतून त्याची नक्कल केली तर ती पात्रं हास्यास्पद होतात. खेळात हा निर्णय बरोबर ठरला.

२२ मार्च, तिसरा रविवार

'ते दोय मिस ओहोस'. सात गोया पारितोषिकं. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि मूळ पटकथा यांच्यासह. बसायला जागा नव्हती.

या खेळाची तयारी वेगळी केली. कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करणाऱ्या एका ताईंना बोलावलं, त्यांना चित्रपट आधी दाखवला. नवरा पिलारला विवस्त्र करून बाल्कनीत ढकलतो तो प्रसंग येण्याआधी कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर जाता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवल्या. संपल्यावर लगेच दिवे लावले नाहीत, श्रेयनामावली पूर्ण जाऊ दिली. असा चित्रपट दाखवणार असाल तर सल्लागार व्यक्ती सभागृहात हवीच. ते जमत नसेल तर खेळ पुढे ढकला.

एका काकूंनी थेट विचारलं, मारणाऱ्या नवऱ्याला एवढा वेळ कशाला दिलाय? हा नवरा, अंतोनिओ, मारकुट्या पुरुषांच्या समुपदेशन गटात जातो, वहीत मनातलं लिहायला शिकतो, लुइस तोसारने तो असा केलाय की त्याची दयाही येते. मी २००० सालच्या 'आमोरेस के मातान' या लघुपटाबद्दल सांगितलं. बोयाईन आणि लूना यांनी त्यात अशा पुरुषांसाठीचं एक काल्पनिक केंद्र माहितीपटाच्या ढंगात दाखवलं होतं. मोठ्या चित्रपटाचं मूळ तिथे आहे. त्यामुळे ती का राहते याच्या जोडीला तो असं का करतो हाही प्रश्न पटकथेत पहिल्यापासून आहे. सल्ला केंद्रातल्या ताई म्हणाल्या, आमच्याकडे येणारी बाई 'तो वाईट नाही हो' असं म्हणतच येते, तिला समजून घ्यायचं तर तिला दिसणारा माणूस आपल्यालाही दिसायला हवा. काकूंना हे पूर्ण पटलं नाही. त्यांचंही म्हणणं रास्त आहे, आणि चर्चा तिथेच तशीच राहू दिली.

स्पेनचा लिंगाधारित हिंसेविरुद्धचा कायदा डिसेंबर २००४ मध्ये झाला, आपला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा. लोकांनी विचारलं म्हणून सांगितलं. चित्रपटामुळे कायदा झाला असं कुणी म्हणेल, तसा दावा आम्ही केला नाही.

२९ मार्च

हिशेब. सभागृह भाडं तीन रविवारचं ४,५००, काळं कापड नंतरच्या दोन्ही खेळांसाठी धरून २,७००, पत्रकांची छपाई १,२००, चहा वेगळा. सबटायटलचं काम सगळं स्वयंसेवी. पैशांपेक्षा वेळ कितीतरी जास्त लागतो, आणि सर्वाधिक वाया गेलेला वेळ फ्रेमरेटचा.

पुढचा कार्यक्रम 'माइशाबेल'चा. हुआन मारी हाउरेगी यांची ईटीए या स्वतंत्र बास्क देशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने २००० मध्ये हत्या केली, त्यांच्या पत्नी माइशाबेल लासा यांनी पुढे तुरुंगातल्या मारेकऱ्यांची भेट घेतली, त्यावरचा. संवाद स्पॅनिश आणि काही बास्क, म्हणजे पुन्हा बहुभाषिक फाइल. भाचीला बास्क येत नाही, तेवढ्या ओळींसाठी जाणकार शोधणं सुरू आहे. 'फ्लोरेस' आणि 'ते दोय'च्या आमच्या मराठी एसआरटी फाइली, फ्रेमरेट नावातच लिहून, मंडळाच्या पेन ड्राइव्हवर ठेवल्या आहेत. हक्कधारकाची परवानगी घेतलेल्या कुठल्याही मंडळाने न्याव्यात.